चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. जुनी डिझेल फोर बाय फोर पिकअप, करंट जातो कुठे?

काटोलरोड
नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची डबल केबिन पिकअप, कॉमन रेल डिझेल, फोर बाय फोर बटनावरचं (टू-हाय, फोर-हाय, फोर-लो). बॅटरी १२ व्होल्ट, ७५ अँपिअर-अवर, पाणी भरायची, आठ महिन्यांपूर्वी घेतलेली. आंबिया बहाराच्या संत्र्याच्या तोडणीत गाडी रोज काटोल ते नागपूरचा कळमना बाजार धावत होती तेव्हा काहीच त्रास नव्हता. आता तोडणी संपली, गाडी चार-चार दिवस उभी राहते. पाचव्या दिवशी चावी फिरवली की सेल्फ नुसता "टक" करतो, डॅशचे दिवे मंद. दुसऱ्या बॅटरीवरून जंप दिला की एका झटक्यात चालू. चालू झाल्यावर चार्जिंगचा दिवा विझतो, बॅटरीवर १४.१ व्होल्ट दिसतात.

आतापर्यंत झालेलं: बॅटरी वॉरंटीत बदलली (ही दुसरी), टर्मिनल नवे, सेल्फचे कार्बन ब्रश नवे. आता गॅरेजवाले सांगून राहिले की पूर्ण वायरिंग (हार्नेस) नवी टाका. त्याच्या आधी म्हटलं इथं विचारावं. बाहेरून बसवलेलं सामान: स्टिरिओ, जीपीएस ट्रॅकर, सेंट्रल लॉक, रिव्हर्स हॉर्न. माझ्याजवळ साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. सुरुवात कुठून करू?

मिलीअँप
वायरिंगला हात लावू नका आणि आता एकही पार्ट विकत घेऊ नका. आधी मोजा. बॅटरी चार्ज न होणं हा एक रोग आणि चार्ज झालेली रिकामी होणं हा दुसरा. १४.१ येतंय म्हणजे पहिला बराचसा बाद. तरी बॅटरी खात्रीची करून घ्या, नाही तर पुढचं मोजमाप वाया.

चार्जरवर ७ अँपिअरच्या आसपास १०-१२ तास लावा. मग निगेटिव्ह केबल काढून रात्रभर तशीच ठेवा. सकाळी १२.६ ते १२.७ व्होल्ट पाहिजे. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. केबल काढलेली असतानाही दोन-तीन दिवसांत १२.४ च्या खाली आली तर चोर बॅटरीच्या पोटातच आहे. हायड्रोमीटर असेल तर सहाही खणांची ग्रॅव्हिटी (अॅसिडची घनता) घ्या. एखादा खण बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर बॅटरी गेली समजा.

एक बारीक तपासणी लोक विसरतात. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन निगेटिव्ह टर्मिनलवर, आणि लाल पिन बॅटरीच्या झाकणाच्या प्लास्टिकवरून फिरवा. टर्मिनलला लावायची नाही, प्लास्टिकवरच. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर वरची धूळ आणि अॅसिडचा ओलावा मिळून करंट वाहतोय. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा (बुच घट्ट लावून, थेंबही आत जाता कामा नये), मग साध्या पाण्याने धुवून कोरडं करा.

आता मुख्य मोजणी. लाल वायर मीटरच्या १० अँप लिहिलेल्या भोकात, काळी कॉममध्ये, नॉब डीसी अँपिअरवर. चावी बाहेर. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवायचं असेल तर दाराचा दिव्याचा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवा. बोनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी काढलेल्या केबलच्या टर्मिनलवर. म्हणजे गाडीचा सगळा करंट मीटरमधून जाईल.

मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही. नुसती ऑन केली तरी चार ग्लो प्लग (गार डिझेल इंजिन तापवणारे) एकदम ओढतात आणि मीटरचा फ्यूज उडतो. बऱ्याच स्वस्त मीटरमध्ये १० अँपच्या भोकाला फ्यूजच नसतो, तिथे मीटरच जातो.

केबल जोडल्या जोडल्या येणारा आकडा खरा धरू नका. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सेंट्रल लॉक, फोर बाय फोरचा कंट्रोलर, सगळे आधी जागे होतात. अर्धा-पाऊण तास थांबा. या वयाच्या गाडीला ०.०३ ते ०.०५ अँपिअर चालतं. ०.१ च्या वर असेल तर शोध सुरू.

हिंगणारोड
एवढं करायची गरज नाही भाऊ. गाडी चालू करा आणि बॅटरीचं टर्मिनल काढा. गाडी चालू राहिली तर डायनॅमो चांगला, बंद पडली तर खराब. दोन मिनिटांचं काम.

दहा नंबर पाना
@हिंगणारोड, हे चुकूनही कोणाला सांगू नका. बॅटरी ही अल्टरनेटरसाठी (तुम्ही डायनॅमो म्हणता तोच, बॅटरी चार्ज करणारा) गादीसारखी असते. चालत्या गाडीत ती काढली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी वर उसळतं आणि ते सरळ ईसीयू आणि फोर बाय फोरच्या कंट्रोलरमध्ये घुसतं. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या जीपमध्ये हे खपून जात होतं, कॉमन रेलमध्ये नाही. शिवाय चार्जिंग होतंय हे तर त्यांनी १४.१ सांगून दाखवलंच आहे. प्रश्न गाडी बंद असतानाचा आहे.

@काटोलरोड, फ्यूज उपटत बसू नका. एक फ्यूज काढून परत लावला की त्या लाईनीवरचं सगळं पुन्हा जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास वाट बघावी लागते. त्याऐवजी मीटर २०० मिलिव्होल्टवर टाका आणि प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर जी दोन बारीक उघडी टोकं असतात त्यांना दोन पिना टेकवा. फ्यूजलाही थोडा रेझिस्टन्स असतो, करंट जात असेल तर आकडा दिसतो. पात्याच्या १० अँपच्या फ्यूजवर ०.१ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३ मिलीअँपिअर, १५ च्या फ्यूजवर २०, आणि २० च्या फ्यूजवर ३०. अंदाजच आहे, पण चोर ओळखायला पुरतो. दोन्ही बॉक्स बघा, डॅशखालचा आणि बोनेटखालचा.

क्लॅम्प मीटर घ्यायचा विचार असेल तर त्यावर डीसी अँप लिहिलंय का हे दुकानातच बघा. घरच्या वायरिंगचा एसी क्लॅम्प इथं शून्यच दाखवतो.

काटोलरोड
बॅटरी चार्ज केली, सकाळी १२.६८. केबल काढून दोन दिवस ठेवली, १२.६५. झाकणावर धूळ होती, ०.४ दाखवत होतं, पुसल्यावर ०.०. ग्रॅव्हिटी सगळ्या खणांत सारखीच.

मोजणीत मात्र गंमत आहे. काल कळमेश्वरला जाऊन आलो, संध्याकाळी गाडी लावली, पाऊण तास थांबून मोजलं तर ०.६१ अँपिअर. आज सकाळी परत, केबल जोडून पाऊण तास थांबून, ०.३४. दारं बंद, चावी घरात. फ्यूजवर सगळीकडे ०.० आहे, फक्त डॅशखाली रेडिओ-रूमलाईटच्या १० अँपवर ०.३, आणि फोर बाय फोरच्या १५ अँपवर ०.० आणि ०.१ असं लुकलुकते. मग ०.३४ येतं कुठून? मीटर खराब तर नाही?

हिंगणारोड
५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ०.४ च्या आसपास घेतो. ग्लोव्ह बॉक्सचा दिवा जळत असेल. मोबाईलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि झाकण लावा.

मिलीअँप
हिंगणारोड भाऊंचा हिशोब बरोबर आहे आणि आकड्यावरून चोर ओळखायची सवय चांगली. ५ वॅटचा बल्ब ०.४, छताचा १० वॅटचा ०.८, चिकटलेल्या रिलेची (करंटवर चालणाऱ्या स्विचची) कॉईल ०.१५ ते ०.२. पण बल्ब संध्याकाळी ०.६१ आणि सकाळी ०.३४ घेत नाही. शिवाय दिव्याची लाईन फ्यूजमधून जाते, तिथे ०.३ मिलिव्होल्ट म्हणजे जेमतेम ४० मिलीअँपिअर.

या दोन गोष्टी एकत्र ठेवा. एक, करंट फ्यूज बॉक्समधून जात नाही. दोन, इंजिन गरम असताना जास्त, गार झाल्यावर कमी. बॅटरीपासून फ्यूज बॉक्सला बगल देऊन जाणाऱ्या जाड वायरी दोनच, सेल्फची आणि अल्टरनेटरची. (काही गाड्यांत ग्लो प्लगच्या रिलेचीही. पण ती रिले चिकटली तर तास-दोन तासांतच बॅटरी झोपते, चार दिवस लागत नाहीत.) सेल्फमध्ये सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) उघडा असतो तोवर काही वाहत नाही. उरला अल्टरनेटर, आणि त्याच्यात असे पार्ट आहेत जे तापले की जास्त गळतात: डायोड.

अल्टरनेटरच्या मागे रेक्टिफायर प्लेट असते. तिच्यावर तीन पॉझिटिव्ह, तीन निगेटिव्ह आणि बहुतेक वेळा तीन छोटे फील्ड डायोड. त्यांचं काम करंट एकाच दिशेने सोडायचं. पॉझिटिव्हपैकी एक गळका झाला की गाडी बंद असताना बॅटरीचा करंट उलटा आत शिरतो, स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) गुंडाळीतून फील्ड डायोडमधून रोटरमध्ये (फिरत्या भागात) आणि तिथून रेग्युलेटरमार्गे अर्थला. चालू गाडीत पाच डायोड मिळून काम ओढून नेतात, म्हणून तुम्हाला १४.१ दिसतं आणि सगळे म्हणतात "चार्जिंग तर होऊन राहिलं".

हिशोबही जुळतो. ०.३४ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ८ अँपिअर-अवर, चार दिवसांत ३३. गरम असतानाचे पहिले काही तास त्याहून जास्त. ७५ ची बॅटरी गाडीत क्वचितच पूर्ण भरलेली असते. निम्म्याच्या खाली गेली की डिझेलचं इंजिन फिरवायला दम उरत नाही. पहिली बॅटरी बहुधा अशीच पुन्हा पुन्हा रिकामी होऊन मेली. सेल्फच्या बॅटरीला खोल उतरणं सोसत नाही, त्यात आपल्याकडचा मे महिना.

खात्री अशी करा. आधी निगेटिव्ह केबल काढा. हे आधी, कारण अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत कायम थेट बॅटरी असते, पाना बॉडीला लागला तर वेल्डिंग होते. मग बी-प्लसचा (त्या जाड वायरीच्या टोकाचा) नट काढा (१० किंवा १३ चा पाना), थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) बाहेर घ्या आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून बांधा. बाजूचा छोटा कप्लर (वायरींचा जोड) पण काढा. आता परत निगेटिव्हमध्ये मीटर, परत पाऊण तास. आकडा पडला तर चोर सापडला. त्या अवस्थेत इंजिन चालू करू नका.

अजून एक बघा. रात्री पूर्ण अंधारात, चावी काढलेली, डॅशच्या काचेवर हाताचा आडोसा करून चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो का ते.

वाडी वायरमन
मिलीअँप भाऊंनी नेमकं पकडलं. त्यात एक भर. बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये अल्टरनेटरच्या मागेच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो, त्याला इंजिनचं ऑईल जातं. त्याचं ऑईल सील गेलं की ऑईल अल्टरनेटरच्या पोटात उतरतं. ऑईल आणि कार्बन ब्रशची काळी पूड मिळून चिखल होतो, तो प्लेटवर बसतो, प्लेट नीट थंड होत नाही आणि डायोड जातात. तो चिखल स्वतःही थोडा करंट वाहतो. मागच्या जाळीत टॉर्च मारा. ओलं काळं दिसलं तर नुसती प्लेट बदलून भागणार नाही.

काटोलरोड
बी-प्लस काढून मोजलं: ०.०७. म्हणजे ०.२७ अल्टरनेटरच खात होता. अंधारात दिवा मात्र अजिबात मिणमिणत नाही. जाळीत काळं आणि ओलं आहे, हाताला चिकटते.

एका ठिकाणी दाखवलं, त्यांनी मल्टिमीटरने बॅटरीवर एसी व्होल्टेज बघितलं आणि म्हणाले रिपल (डीसीत मिसळलेला एसीचा चढउतार) ०.०८ आहे, डायोड ठीक, तरी नवा अल्टरनेटर घ्या. डायोड ठीक असेल तर नवा कशाला, हे काही समजलं नाही.

मिलीअँप
दिवा न दिसल्याने काही बिघडत नाही. डायोड पूर्ण शॉर्ट असता तर दिसला असता, तुमचा नुसता गळतोय. रिपलचंही तसंच. २००० आरपीएमला हेडलाईट आणि ब्लोअर चालू ठेवून ०.१ व्होल्ट एसीच्या खाली म्हणजे ठीक, ०.५ च्या वर म्हणजे डायोड तुटलाय. ही टेस्ट तुटलेला डायोड पकडते. गळका डायोड चालू गाडीत बऱ्यापैकी काम करतो, म्हणून रिपल साफ दिसतं. तुमच्या रोगाची टेस्ट तुम्ही केलीच आहे, बी-प्लस काढून.

नवा अल्टरनेटर घ्यायची गरज नाही. बेअरिंग आवाज करत नसेल आणि स्लिप रिंगवर (जिच्यावर ब्रश घासतात) खोल चर पडली नसेल तर प्लेट, ब्रश आणि सील पुरे.

वाडी वायरमन
खोलून देताना समोर उभे राहा आणि हे बघून घ्या. प्लेट काढण्याआधी स्टेटरच्या तीन तारांची झाळ सोडवावी लागते, त्यासाठी जाड इस्त्री लागते (सोल्डरिंगची, कपड्यांची नाही). २५ वॅटच्या इस्त्रीने तार नीट तापत नाही, झाळ कोरडी राहते आणि महिन्याभरात सुटते.

जुनी प्लेट फेकायच्या आधी मीटरच्या डायोड खुणेवर तपासा. एका दिशेने ०.४५ ते ०.६५, उलट्या दिशेने काहीच नाही, म्हणजे चांगला. पण मीटर दोन-तीन व्होल्टच लावतो, गळका डायोड तिथं पास होऊ शकतो. म्हणून १२ व्होल्ट बॅटरीवर उलट्या दिशेने जोडून, मध्ये २१ वॅटचा बल्ब आणि मीटर (१० अँपच्याच भोकात) घालून करंट बघा, आणि हेअर ड्रायरने प्लेट तापवा. आकडा चढत गेला तर तोच. बल्ब यासाठी की डायोड पूर्ण शॉर्ट निघाला तरी मीटर वाचतो.

पंपाचं सील बदलताना ऑईल परत जायचा पाईप चोंदलाय का ते बघायलाच पाहिजे. परतीचा रस्ता बंद असला की पंपात दाब साठतो आणि नवं सीलही पंधरा दिवसांत फेकतं. लोक सीललाच शिव्या देत बसतात. स्टेटर आणि रोटर पेट्रोलमध्ये बुडवू नका, वार्निश सुटतं. इलेक्ट्रिकल क्लीनर आणि ब्रश, मग उन्हात ठेवा.

बसवताना पंपात चमचाभर इंजिन ऑईल टाका, कोरडा फिरला तर आतली पाती खरवडतात. गाडी हलवण्याआधी इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल तीन-चार वेळा दाबा. पेडल लाकडासारखं कडक लागलं तर व्हॅक्यूम बनत नाही, तशी गाडी रस्त्यावर काढायची नाही.

अंबाझरी ऑफरोड
उरलेल्या ०.०७ बद्दल. रेडिओच्या फ्यूजवरचे ४० मिलीअँपिअर मला ट्रॅकरचे वाटतात. बसवणारे लोक ट्रॅकरची लाल वायर स्टिरिओच्या पिवळ्या वायरला (कायम करंटवाली) टोचतात आणि इग्निशनची वायर टेप लावून तशीच सोडतात. मग गाडी बंद झाली हे ट्रॅकरला कळतच नाही, तो झोपत नाही. शेतात नेटवर्क कमी असलं की टॉवर शोधत आणखी खातो. ती वायर चावी ऑन केल्यावरच करंट येणाऱ्या लाईनीला जोडा. त्याच वेळी स्टिरिओची लाल आणि पिवळी एकत्र पिळलेली नाही ना, तेही बघा. तशी असेल तर स्टिरिओ बंद दिसतो पण अर्धा जागा असतो.

फोर बाय फोरच्या फ्यूजवर लुकलुकणारं ०.१ दुर्लक्षू नका. ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर) शिफ्ट मोटर असते आणि तिच्यात आपण कुठल्या गिअरमध्ये आहोत हे कंट्रोलरला सांगणारे संपर्क असतात. कप्लर खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला, चिखलपाण्याच्या तोंडावर. संपर्क हिरवे पडले की कंट्रोलरला जागा नीट कळत नाही आणि तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो. आज २० मिलीअँपिअर आहे, पावसाळ्यात तोच भाव वाढवेल. गाडी टू-हायमध्ये घ्या, चावी बंद, बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मगच कप्लर उघडा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, रबर सीलवर डायइलेक्ट्रिक (करंट न वाहणारं) ग्रीस लावा. फोर-लोमध्ये अडकलेली असताना बॅटरी काढू नका. काही कंट्रोलर करंट परत आल्यावर जागा विसरतात आणि दिवा लुकलुकवत बसतात.

हिंगणारोड
आणि बॅटरीला कट-ऑफ स्विच लावला तर? गाडी उभी केली की बंद.

दहा नंबर पाना
रोग बरा झाल्यावर लावा, त्याआधी नाही. निगेटिव्हला लावायचा, आणि सेल्फचे दोन-तीनशे अँपिअर सोसेल असा. हिरव्या गोटीचा स्क्रूवाला स्वस्त स्विच डिझेलवर तापतो आणि मग सेल्फ ओढत नाही म्हणून नवीनच तक्रार सुरू होते. इंजिन चालू असताना तो फिरवायचा नाही, कारण वर सांगितलंच. ट्रॅकरही बंद पडेल हे लक्षात ठेवा.

काटोलरोड
काम झालं. प्लेट आणि ब्रश नवे, पंपाचं सील नवं. परतीचा पाईप खरंच अर्धा चोंदलेला निघाला, वायरवाल्या भाऊंना मानलं. जुनी प्लेट बल्ब लावून तपासली: थंड असताना ०.२, ड्रायर मारल्यावर ०.५ च्या वर चढला. ट्रॅकरची इग्निशन वायर टेपमध्ये गुंडाळलेलीच सापडली, ती जोडली. फोर बाय फोरचा कप्लर साफ केला, दोन पिना हिरव्या होत्या.

आता गरम गाडीत पाऊण तासाने ०.०३, सकाळीही ०.०३. ब्रेक पेडल नरम आहे. पाच दिवस उभी ठेवली, मोजलं तर १२.५८, आणि सेल्फ पहिल्या झटक्यात. नवी वायरिंग टाका म्हणणाऱ्या हार्नेसवाल्यांचा फोन आला होता, त्यांना नाही म्हणून सांगितलं.

वाडी वायरमन
बेल्ट नवीन ताणला असेल तर दोनशे किलोमीटरनंतर परत बघा, सैल पडतो. आणि पंधरा दिवसांनी एकदा जाळीत टॉर्च मारा. कोरडं असेल तर सील धरलं.